चिखलातली गाठ

१

आरमोरीचा गोविंदा ढिवर. पळसटोल्याच्या तलावात मासोळीचं बीज नेऊन सोडायचं काम दरवर्षी श्रावणात त्याच्याकडेच असायचं. बीज म्हणजे रोहू-कतल्याची बोटाएवढी पिल्लं. जाड प्लास्टिकच्या पिशवीत थोडं पाणी, त्यात ही बोटुकली, वर नळकांड्यातला प्राणवायू भरून पिशवीचं तोंड रबराने आवळायचं, ओल्या पोत्यात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरवर बांधायचं आणि दिवस मावळायच्या आत तलाव गाठायचा. उशीर झाला की पिल्लं पोट वर करून तरंगायला लागतात, मग त्यांना सोडलं काय आणि फेकलं काय, सारखंच.

पळसटोला आडजंगलात. बस फाट्यापर्यंत जायची, सायकली टपावरून उतरवून घ्यायच्या आणि पुढचा सगळा रस्ता बैलगाडीच्या चाकोरीचा. पावसाळ्यात तीही चिखलाने भरलेली. गोविंदाला त्याचं काही वाटायचं नाही. कुठे उतरायचं, कुठे सायकल खांद्यावर घ्यायची, नाला कुठल्या दगडापाशी ओलांडायचा, हे त्याच्या पायांना पाठ होतं.

त्या साली, म्हणजे अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात, त्याने बायकोच्या धाकट्या भावाला, देवानंदला सोबत घेतलं. देवानंद पंचविशीचा, उंच, हसरा. आईबाप लवकर गेल्यामुळे तो बहिणीच्या, गोकुळेच्याच घरी वाढलेला. जाळं फेकायला, होडी वल्हवायला गोविंदानेच शिकवलेला. त्याचा भाऊजींवर जीव होता, आणि गोविंदाला मूलबाळ नसल्याने त्याचाही याच्यावर.

पळसटोल्याचा तलाव आदल्या उन्हाळ्यात पार आटला होता. गावातल्या बायांनी सोनीबाईच्या पुढाकाराने गाळ उपसून तो खोल केला होता. या खेपेचं बीज जगलं नसतं तर त्यांचं वर्ष रिकामं गेलं असतं. "गोविंदाभाऊ, औंदा तुमच्याच हाती हाय," असा तिचा निरोप आला होता.

२

रात्रभर पडून पाऊस पहाटे थांबला होता. रस्त्यावरची लाल माती सारवल्यासारखी सपाट झालेली, तिच्यावर चितळांच्या खुरांशिवाय एकही ठसा नव्हता. गोविंदाला हे नीट आठवत होतं, कारण तो देवानंदला म्हणालाही होता, "पाह्य, आपुन पहिलेच."

पहिल्याच चढावर बांबूचा कापलेला खुंट देवानंदच्या मागच्या चाकात घुसला. टायर फाटला, ट्यूबचा व्हॉल्व मुळासकट उपटून आला. गोविंदाच्या पिशवीत सोल्युशन होतं, रबराचे तुकडे होते, पण एवढ्या मोठ्या भगदाडाला ठिगळ कसं लागणार?

"फाट्यावर वापस जाऊ का, भाऊजी?"

"वापस गेलो तं बीज मरन. हवा नाई तं नाई. गवत भरू."

त्यांनी रस्त्याकडेचं लांब गवत विळ्याने कापलं, पिळून त्याचे दोर केले आणि टायरमध्ये ठासून भरले. टायर रिमवरून सुटू नये म्हणून वरून जाळ्याची नायलॉन दोरी गुंडाळली. मागच्या ब्रेकचे गुटके काढून खिशात टाकले, मडगार्ड दगडाने ठोकून वर केलं. गाठ बाजूला मारली तर चाक धरणाऱ्या चिमट्याला घासणार, म्हणून गोविंदाने ती टायरच्या पाठीवरच मारली, चांगली बोरासारखी.

सायकल चालू लागली. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला गाठ जमिनीवर आपटायची. थप्. थप्. थप्.

"म्हशीवानी चालून राह्यली," देवानंद हसत म्हणाला.

चढ संपून रस्ता वळला, तसा गोविंदा जरा थबकला. पुढच्या चिखलात दोन सायकलींच्या चाकांचे ठसे होते. ताजे. कडा अजून ढासळल्या नव्हत्या.

"कोनीतरी पुढं गेलं वाटते," देवानंद म्हणाला. मग वाकून बघत, "आनि हे पाहा! यायचीबी ट्यूब फुटली का काय?"

दोनपैकी एका चाकाच्या ठशात ठरावीक अंतराने एक खड्डा उमटला होता. बोराएवढा.

३

गोविंदाने त्यावर फार विचार केला नाही. जंगलात रानभाजी वेचणारे, लाकूडवाले, कोणीही सायकलीवर जातं. ट्यूब फुटली की गवत भरायची युक्तीही काही त्याच्या एकट्याची नव्हती. आपण टायर बांधत बसलो तेव्हा कोणी बाजूच्या पायवाटेने रस्त्याला लागलं असेल. असं सगळं त्याने मनातल्या मनात जुळवलं, आणि ते जुळलंही.

पुढे चिखल वाढला. दोघं उतरून सायकली ढकलत चालले. ठसेवालेही इथे उतरले होते. चाकांच्या बाजूने आता पावलं दिसू लागली. दोन माणसं, दोघांच्या पायांत रबरी चपला. एकाच्या उजव्या चपलेखाली काहीतरी होतं, अंगठ्यापाशी मातीत एक बारीक पीळ उमटत होता, गोगलगाईसारखा.

गोविंदा ते बघत चालला होता, एवढ्यात चिखलाने त्याची चप्पल ओढून धरली आणि अंगठ्याचा पट्टा फट्‌दिशी निघाला.

तो दगडावर बसला. पिशवीतली तार काढली, पट्ट्याच्या टोकातून ओवली, तळव्याखाली आणून पक्कडीने पिळली आणि पीळ दाबून बसवला. असं त्याने आयुष्यात कितीदा तरी केलं असेल. चप्पल घालून तो चार पावलं चालला, मग त्याने मागे वळून आपल्याच पावलाकडे बघितलं.

अंगठ्यापाशी गोगलगाय उमटली होती.

त्याने आपला पाय पुढच्या ठशात ठेवला. टाच टाचेत बसली, बोटं बोटांत बसली, पीळ पिळात बसला.

"काय पाहून राह्यले, भाऊजी?"

"काई नाई. चाल."

पण देवानंदने बघितलं होतं. त्याने वाकून दोन्ही ठसे पाहिले. मग म्हणाला, "चकवा लागला असन. आपुनच फिरून वापस आलो."

"फिरून आलो असतो तं हे झाड आपुन एकदा पाह्यलं असतं का नाई?" गोविंदा म्हणाला. "आनि तार तं मी आत्ता लावली, बावा."

देवानंदने मान हलवली. देवानंदच्या कॅरिअरवरच्या पिशवीतून पिल्लांच्या चुळबुळीचा बारीक आवाज येत होता, तांदूळ निवडल्यासारखा. ती पिल्लं खरी होती. तेवढंच मनात धरून गोविंदाने सायकल पुढे ढकलली.

४

मग त्याने एक गोष्ट करून पाहिली. दोन्ही चपला काढून हँडलला अडकवल्या आणि तो अनवाणी चालू लागला. का, ते देवानंदला सांगितलं नाही. पुढचे ठसे चपलांचे आहेत, आपण अनवाणी. म्हणजे ते वेगळे, आपण वेगळे. एवढंच त्याला हवं होतं.

पुढच्या वळणापर्यंत त्याला बरं वाटलं. वळणाच्या पलीकडे पुढच्या माणसाची पावलंही अनवाणी होती. पाचही बोटं स्वच्छ उमटलेली. डाव्या पायाची करंगळी आत वळलेली, लहानपणी बैलाने तुडवल्यामुळे गोविंदाची वळली होती तशी.

गोविंदा तिथे घाबरला नाही. असं तोच पुढे सांगायचा. भीती वाटायला काहीतरी समोर यावं लागतं, आणि समोर तर नुसता रस्ता होता, साजाची झाडं होती, पानांवरून ठिबकणारं पाणी होतं. त्याला फक्त एक गोष्ट कळेना. पुढे जाणाऱ्यांना आपण गाठावं की त्यांना पुढे जाऊ द्यावं?

"आवाज देऊ का?" देवानंदने हळूच विचारलं.

"नको."

पुढे एका ठिकाणी ठसेवाले थांबले होते. माती तुडवलेली, सायकल आडवी केल्याची खूण, मोडलेलं गवत. गोविंदाने देवानंदच्या कॅरिअरला हात लावला. पोतं ओलं तर होतंच, पण आता ते टपकत होतं. पिशवीला काटा लागला होता. प्राणवायू सूं करून निघत होता आणि पिल्लं वर येऊन तोंडं उघडत होती.

त्यांनीही तिथेच सायकल आडवी केली. दुसरं करणार काय? फाटलेल्या ट्यूबची पट्टी कापून गोविंदाने भोकाजवळचं प्लास्टिक चिमटीत धरलं आणि ती पट्टी करकचून गुंडाळली. सूं थांबला. पण पिशवी अर्धी सैल झाली होती.

"आता जास्त येळ नाई," तो म्हणाला.

५

नाला ऐकू येत होता, मग दिसला. पाणी गढूळ होतं, पण नेहमीपेक्षा फार जास्त नव्हतं. कमरेइतकं असेल. गोविंदाने तो याहून वाईट अवस्थेत ओलांडला होता. नाला अरुंद, पलीकडची दरड लाल चिकणमातीची, अगदी समोर.

ठसे सांगत होते, दोन सायकली पाण्यात उतरल्या होत्या. दोन माणसं उतरली होती.

समोरच्या दरडीवर एकच चाकोरी वर चढली होती, गाठीच्या खड्ड्यांची. तिच्या बाजूने एकाच माणसाची पावलं, चपलांची. चाक बांबूच्या बेटाआड गेलं होतं. पावलं मात्र परत काठाला आली होती आणि काठाकाठाने खालच्या अंगाला गेली होती. लांब लांब पडलेली, धावणाऱ्याची.

अनवाणी पाऊल पलीकडे कुठेच नव्हतं.

"चाला ना भाऊजी," देवानंद म्हणाला. त्याचं लक्ष पिशवीत होतं. "मरून राह्यली ना पिल्लं."

"तिकडं पाह्य."

देवानंदने पाहिलं. त्याला वेळ लागला. मग म्हणाला, "दुसरा वरच्या अंगानं निघाला असन."

"असन."

"मंग?"

"मंग काई नाई. आपुन वरून जाऊ. जुन्या रपट्यावरून."

"तिथून लई फेरा हाय म्हनता ना तुमी? बीज—"

"मरन तं मरन!" गोविंदा ओरडला. तो देवानंदवर असा कधी ओरडला नव्हता.

त्यांनी सायकली वळवल्या, तेवढ्यात खालच्या अंगाहून, वळणापलीकडून हाक आली.

"भाऊजीऽऽ!"

आवाज देवानंदचा होता. घसा फाटलेला, रडवेला, पण त्याचाच. आणि देवानंद गोविंदाच्या शेजारी सायकलीचं हँडल धरून उभा होता, त्याचं तोंड मिटलेलं होतं.

पुन्हा आली. "भाऊजीऽऽ! कुठी हाय तुमी?"

देवानंदचे ओठ हलले. तो ओ देणार होता. कोणाला आणि का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. गोविंदाने त्याच्या तोंडावर हात दाबला आणि तसाच त्याला ओढत झाडीत नेलं. हाक मागून येत राहिली. हळूहळू ती पाण्याच्या आवाजात मिसळली, आणि मग नुसतं पाणी राहिलं.

६

रपट्याच्या ठेंगण्या पुलावरून, सायकली ढकलत, फेरा घेऊन ते पळसटोल्याला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. गावात माणूस दिसेना. कुत्री, कोंबड्या, एका ओसरीवर झोपलेलं तान्हं मूल. सोनीबाई आपल्या अंगणात उभी होती, पदर तोंडात धरून.

देवानंदला बघून ती पुढे आली. "तू काऊन वापस आला, बावा? मानसं कुठी हायेत? सापडले का गोविंदाभाऊ?"

मग तिला मागे उभा असलेला गोविंदा दिसला.

ती किंचाळली नाही. एक पाऊल मागे सरली, कुडाला पाठ टेकवली आणि त्याच्याकडे बघत राहिली. गोविंदाने घागरीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि पिऊन दाखवलं. का, ते त्याला कळलं नाही. त्या वेळी तेच करावंसं वाटलं.

"काय झालं, बाई?"

"मंगाशी हा आला होता," सोनीबाई देवानंदकडे बोट करून, अगदी हळू आवाजात म्हणाली. "वला चिंब. म्हने, भाऊजी नाल्यात वाहून गेले, सायकलीसंगं. सारे गडी दोर घेऊन, खाट घेऊन धावले. बाया बी मागं गेल्या. हा रस्ता दाखवाले पुढं गेला. सायकल इथी टाकून गेला ना."

कुडाला एक सायकल टेकलेली होती. मागचं चाक गवताने भरलेलं, वरून नायलॉनची दोरी, पाठीवर बोरासारखी गाठ. मडगार्ड दगडाने ठोकून वर केलेलं. कॅरिअरवर ओलं पोतं.

देवानंदने आपली सायकल त्या सायकलीपासून लांब, विहिरीपाशी उभी केली. तिच्याकडे त्याने पाठ फिरवली.

गोविंदाच्या मनात कितीतरी प्रश्न आले, पण त्याच्या हातांना एकच काम ठाऊक होतं. "बाई, बीज सोडू द्या," तो म्हणाला. "आधी ते."

तलाव घराच्या मागेच होता. दोघांनी पिशव्या पाण्यात तरंगत ठेवल्या, आतलं पाणी आणि तलावाचं पाणी सारखं होईपर्यंत थांबले, मग तोंडं सोडली. बरीच पिल्लं मेली होती. बरीच जगली होतीही. जगलेली क्षणभर पिशवीच्या तोंडाशी घोटाळली आणि खाली गेली.

तेव्हा धानाच्या बांध्यांपलीकडून गलका ऐकू आला. कोणीतरी मोठ्याने ओरडलं, "सापडला!"

माणसं बांधावरून येत होती, एकामागे एक. चौघांच्या खांद्यावर खाट होती. खाटेवर कोणाचं तरी धोतर पांघरलेलं. खाटेच्या माचव्याला धरून एक उंच तरणा माणूस चालला होता, मान खाली घालून, दर दोन पावलांनी अडखळत. त्याच्या अंगात देवानंदचा निळा शर्ट होता.

देवानंदने आपल्या अंगातला निळा शर्ट मुठीत धरला.

"तुमी जा," सोनीबाई मागून म्हणाली. ती तलावाच्या बांधावर, पाळीवर येऊन उभी होती. "तिकडून, शेतातून जा. ते पोचाच्या आत जा, गोविंदाभाऊ. तुमच्या पाया पडतो."

गोविंदाला खाटेवरचं बघायचं होतं. तसं वाटणं चूक होतं का, याचा त्याने नंतर पुष्कळ विचार केला. पण देवानंदने त्याचं मनगट धरलं आणि ओढलं, आणि तो गेला. सायकली तिथेच राहिल्या.

७

घरी गोकुळेला त्यांनी सायकली नाल्यात गेल्या असं सांगितलं. बीज सुटलं, हे ऐकून ती समाधान पावली. देवानंद चारआठ दिवस तापाने पडला, मग उठला, जाळं घेऊन तलावावर जाऊ लागला. त्या दिवसाबद्दल तो बोलत नसे, आणि तेव्हा गोविंदाही बोलत नसे. मात्र गोविंदाने एका गोष्टीची वाट बघितली. पळसटोल्याहून कोणीतरी येईल, गोविंदा वारला म्हणून सांगायला. कोणी आलं नाही.

मार्गशीर्षात आरमोरीच्या बाजारात सोनीबाई भेटली. टोपलीत मासोळी होती, वर ओली पानं. गोविंदाला बघून ती थोडी दचकली, मग त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघून तिने टोपली खाली ठेवली.

"मासोळी मस्त वाढली, भाऊ," ती म्हणाली. "त्या दुसऱ्या सायकलीवरची पिशवी बी मीच सोडली, तुमी गेल्यावर. जित्ती होती पिल्लं. जीव तो जीवच."

"बाई, खाटेवर कोन होता?"

"मी पाह्यलं नाई. बायाहीले पाहू नाई देल्लं. गडी म्हनत, गोविंदाभाऊच होय." ती खाली बघत बोलत होती. "पाळीच्या पल्याड माती देल्ली. आरमोरीले निरोप धाडतो म्हने. मी म्हनलं, मी धाडतो. आनि नाई धाडला."

बाजार भरात होता. पलीकडे देवानंद मासोळीवर पाणी शिंपडत बसला होता, कोणाशी तरी हसत बोलत होता. सोनीबाईने तिकडे पाहिलं, मग पटकन नजर वळवली.

"हा इथीच असते काय?"

"इथीच. माह्या घरी."

"तो तं तिथी हाय," ती म्हणाली.

गोविंदाला आधी कळलं नाही.

"तो दुसरा. गेलाच नाई तो. पाळीवर झोपडी बांधून राह्यला. मातीपाशी. आमी म्हनतो, बावा, घरी जा, तुयी बहीन वाट पाहत असन. तं म्हनते, भाऊजीले सोडून कसा जाऊ? ताईले कोनतं तोंड दाखवू? म्हनते, मी घाई केली, मीच चाला म्हनलं. कोनी देल्लं तं खाते. नाई तं तसाच बसून राह्यते."

गोविंदाच्या कानात नाल्यावरची हाक होती, आणि आपल्या हाताखाली दाबलेलं देवानंदचं तोंड. तिकडे जावं आणि त्याच्यासमोर उभं राहून सांगावं, अरे, मी हाय, तुयी काई चूक नाई, असं त्याला फार वाटलं. आणि आपण समोर उभे राहिलो तर त्याला काय दिसेल, हेही त्याच्या मनात आलं.

"थंडी पडली असन तिकडं," अखेर तो म्हणाला.

"लई. पाळीवर तं हवाच हवा."

गोविंदाने खांद्यावरची लोकरीची चादर काढली. गोकुळेने त्याच आठवड्यात घेतलेली, नवी होती. त्याने तिची घडी घातली आणि सोनीबाईच्या टोपलीवर ठेवली.

"त्याले द्या," तो म्हणाला. "कोनं देल्ली, सांगू नका."